न पडलेली गाडी

४ ऑगस्ट, मंगळवार

चि. भिंगरी,

तुझं कार्ड काल दुपारच्या टपालाने आलं. पाच ओळी आहेत. नवी नोकरी एक ऑक्टोबरपासून, रोज सात-आठ घरी जाऊन बाळंतिणी आणि बाळं तपासायची, त्यासाठी मोटरसायकल घ्यायची आहे, आधी कधी चालवलेली नाही, पेट्रोल कमी खाणारी आणि इन्शुरन्सला हलकी कोणती ते तुम्हाला माहीत असेल. एवढंच. वर ‘बाबा’ नाही, खाली सही नाही. तीस वर्षं इन्शुरन्स कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या की माणसाला कागदावर काय नाही तेच आधी दिसतं, त्याला माझा इलाज नाही.

पण अक्षर तुझं आहे. तू जावयांबरोबर निघून गेलीस त्याला चार वर्षं झाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा घरात तुझं अक्षर आलं. आईने कार्ड फ्रीजवर लावलं, मी काढून शर्टाच्या खिशात ठेवलं, तिने खिशातून काढून परत फ्रीजवर लावलं. सध्या ते फ्रीजवर आहे.

दर रविवारी तुम्हा मायलेकींचा फोन चालतो तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत असतो. खरं तर इतके कपडे आपल्या घरात नाहीत. हे आपलं सहज सांगितलं.

आता मुद्द्याचं. इंजिन जितकं मोठं तितका हप्ता मोठा, आणि पेट्रोलही तितकंच जास्त. म्हणून दीडशे सीसीच्या वर तू बघूच नकोस. दीडशेचीही नको. नवशिक्याचं मनगट घाबरून वळतं आणि गाडी उधळते; अशा गाड्या माझ्याकडे यायच्या तेव्हा पुढच्या दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असायच्या. सव्वाशेची जरा शहाणी, पण अंगाने जड, सिग्नलला उभ्या उभ्या कलंडते. शंभरची हलकी, ॲव्हरेज उत्तम, हप्ताही सगळ्यांत कमी. पण शेजारून ट्रक गेला की अंग चोरते. स्कूटरची चाकं लहान, खड्ड्यात अख्खी उतरतात. नवी घेतलीस तर पूर्ण विमा हवा, तो महाग. जुनी घेतलीस तर आधीच्या मालकाने तिला कुठे कुठे आपटलंय हे देवालाच माहीत, आणि देव काही रिपोर्ट देत नाही.

सारासार विचार करता मला बस बरी वाटते. तुमच्याकडे कुठल्या नंबरच्या बस कुठे जातात ते कळव.

आईचे डोळे तपासून झाले, चष्म्याचा नंबर तोच राहिला.

बाबा


१२ ऑगस्ट, बुधवार

चि. भिंगरी,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. “बस सात घरांच्या दारात जात नाही. गाडी विचारली होती. तुम्ही सगळ्याच नापास केल्यात, सवयीप्रमाणे.” आईने ते मोठ्याने वाचलं, ‘सवयीप्रमाणे’पाशी थांबली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पोरगी काही विसरलेली नाही.”

कसली सवय ते मला कळतं. जावयांबद्दल मी जो कागद लिहिला होता आणि तो तुझ्या हाती लागला, त्याबद्दल तू बोलते आहेस. त्यावर आज लिहिणार नाही. आज फक्त गाडी.

शनिवारी मी एका शोरूममध्ये गेलो. नोकरीत असताना शेकडो गॅरेजं पाहिली, पोलीस ठाण्यांची आवारं पाहिली, पण शोरूममध्ये कधी पाय टाकला नव्हता. तिथे सर्व्हेअरचं काय काम? काचेच्या आत ओळीने बारा गाड्या उभ्या होत्या. मी पहिलीपाशी उकिडवा बसलो, टाकीखालून हात फिरवला, हँडल दोन्ही बाजूंनी दाबलं, एक डोळा मिटून चाकाची रिम बघितली आणि वही उघडली. लिहायला काही मिळेना. सेल्सची मुलगी मागे येऊन उभी राहिली.

“काका, काही पडलंय का तुमचं?”

“नाही, पोचा शोधतोय.”

“काका, ही नवी आहे.”

अगदी सौम्यपणे म्हणाली बिचारी. तिला वाटलं असणार, म्हातारा बहकलाय. आणि मला तिथे बसल्या जागी कसंनुसं झालं. माझ्याकडे गाडी यायची ती पडूनच यायची. मी एकही उभी, धड, न पडलेली गाडी नीट पाहिलेलीच नाही, भिंगरी. ज्या हजारो गाड्या रोज माणसांना कामावर नेतात आणि संध्याकाळी घरी आणून सोडतात, त्या माझ्याकडे कशाला येतील? त्यांच्याबद्दल मला काडीची माहिती नाही. तेव्हा पहिल्या पत्रात मी जे लिहिलं ते रद्द समज. ते गाड्यांबद्दल नव्हतंच, अपघातांबद्दल होतं.

त्या मुलीने मला एका शंभरच्या गाडीवर बसवलं. स्टँड काढायला लावलं. गाडी माझ्या दोन पायांच्या मध्ये उभी राहिली आणि तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. मला चालवता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. तिला सांगायची लाज वाटली, म्हणून मी पाच मिनिटं तसाच गंभीर चेहरा करून बसलो आणि मग पत्रक घेऊन निघून आलो.

एक विचारायचं आहे. बाळांचं वजन करायचा काटा तू रोज बरोबर नेणार असं आईकडून कळलं. (गॅलरीत ऐकू येतं.) तो केवढा आहे, किती जड, धक्का सोसतो का? मापं पाठव. मागे काय बांधायचं आहे यावरही गाडी ठरते.

बाबा


१९ ऑगस्ट, बुधवार

चि. भिंगरी,

काट्याची मापं मिळाली. या वेळी कार्डाच्या सुरुवातीला ‘बाबा’ होतं, पुढे स्वल्पविराम. मी तो स्वल्पविराम बराच वेळ पाहिला.

आता जे लिहितो ते वाचून हसू नकोस. हसलीस तरी मला कळणार नाही, तेव्हा हस.

मी असा विचार केला की नवशिक्याला कोणती गाडी बरी हे नवशिक्यालाच कळणार, आणि तुला सोडलं तर आपल्या घरातला दुसरा नवशिका मीच. शिकाऊ लायसन काढलं. खिडकीवरच्या माणसाने माझी जन्मतारीख दोनदा वाचली. मग आपल्या ओळखीचे मिस्त्री, ज्यांच्या गॅरेजात माझी अर्धी नोकरी गेली, त्यांच्याकडे विकायला एक शंभरची गाडी आली होती, ती ते बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात घेऊन आले. सकाळी सहाला. आई थर्मास घेऊन बरोबर आली होती, का ते मला तेव्हा कळलं नाही. मिस्त्रींनी क्लच, गिअर, ब्रेक असं सगळं दाखवलं. तेवढ्यात त्यांना कुणाचा तरी फोन आला, आणि “आलोच” म्हणून ते गेले ते गेलेच.

मी एकटा सुरू झालो. म्हणजे सुरू झालो नाही. आठ वेळा गाडी बंद पाडली. नवव्या वेळी आई ओट्यावरून म्हणाली, “अहो, क्लच असा दार आपटल्यासारखा सोडू नका. हळू सोडा, हळू.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

आईने थर्मासचं झाकण लावलं, पर्स माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “उतरा.”

मी उतरलो. ती बसली. एका किकमध्ये गाडी सुरू केली आणि गेली, भिंगरी! सरळ गेली, लांबच्या भिंतीपाशी वळली, दोन खांबांमधून इंग्रजी आठचा आकडा काढला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर एक पाय टेकून थांबली. मी पर्स पोटाशी धरून उभा.

ती म्हणाली, “आमचे अप्पा जनावरांचे डॉक्टर होते, विसरलात का? त्यांची गाडी मी सतराव्या वर्षापासून चालवायचे. औषधं पोचवायला.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“बोलणार होते. लग्नाआधी आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हाच. पण तुम्ही बसल्या बसल्या सांगून टाकलंत, माझ्या घरात दुचाकी येणार नाही, मी रोज काय बघतो ते माझं मला माहीत. मग म्हटलं, राहू दे.”

तेहतीस वर्षांपूर्वी ती राहू दे म्हणाली आणि मला पत्ताच नाही. मी विचारलं, “राग नाही आला तुला?” ती म्हणाली, “यायचा ना. बसस्टॉपवर उभी राहिले की यायचा.” आणि परत एक फेरी मारून आली. त्या फेरीला तसं काही कारण नव्हतं.

तुला हे माहीत होतं म्हणे, तू दहावीत असल्यापासून. दोघींनी मिळून माझ्यापासून लपवलंत. वाईट नाही वाटलं, खरंच. म्हणजे वाटलं, पण माझंच.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या महिन्यात एका गाडीच्या हँडलला जेवणाचा डबा अडकलेला होता. गाडीचं काही उरलं नव्हतं आणि डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर डब्यासाठी रकाना नाही. मी बाकीचे रकाने भरले, घरी आलो आणि ठरवलं की माझ्या माणसांना या वस्तूपासून लांब ठेवायचं. त्याला मी आयुष्यभर काळजी म्हणत आलो. ती भीती होती. मी भित्रा माणूस आहे, पोरी, आणि माझ्या भीतीपोटी तुम्ही दोघी वर्षानुवर्षं बसस्टॉपवर उभ्या राहिलात.

आता रोज सकाळी आई मला शिकवते. शिक्षिका कडक आहे. काल म्हणाली, “समोर बघा, चाकाकडे काय बघताय, ते कुठे पळून जाणार आहे?”

बाबा


२६ ऑगस्ट, बुधवार

भिंगरी,

काल पडलो. घाबरू नकोस. वळताना वेग जवळजवळ नव्हताच, गाडी हळूच आडवी झाली आणि मीही तिच्याबरोबर. डावा इंडिकेटर गेला, माझा गुडघा खरचटला. पडल्यावर पहिली गोष्ट मी काय केली असेल? उठून उकिडवा बसलो आणि टाकीवरचा पोचा पाहिला.

आईने गाडी उचलली आणि माझी पँट झटकली. “गाडीचं झालं बघून? आता तुमचा रिपोर्ट लिहू का? तीन प्रतींत?”

ती चेष्टेनेच म्हणाली, पण मी तिथून उठलो नाही. मागच्या पत्रात जे टाळलं आणि त्याच्या मागच्या पत्रातही टाळलं, ते आज लिहितो.

चार वर्षांपूर्वी तू त्यांना घरी आणलंस. चौकटी करणारा माणूस, फोटोंच्या, आरशांच्या. तासभर बसले, चहा घेतला, भिंतीवरचा आपल्या तिघांचा फोटो तिरका आहे म्हणून आईची परवानगी घेऊन सरळ करून दिला, आणि गेले. तू त्यांना सोडायला खाली गेलीस. मी टेबलाशी बसलो, ऑफिसचा छापील फॉर्म घेतला आणि भरला. बाह्य स्थिती. पूर्वीचा अपघात: होय, डावा पाय, दुरुस्ती अपुरी. पुढील कार्यक्षमता: शंकास्पद. एकूण मत: टोटल लॉस. म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, मोडीत काढावी. खाली सही आणि तारीख.

तुला वाटलं मी चेष्टा केली, अपमान केला. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. मला दुसऱ्या कुठल्या रीतीने विचारच करता येत नव्हता. मला दिसलं एवढंच, की माझी मुलगी जणू कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून निघाली होती, आणि मला माहीत असलेलं एकच काम मी केलं. कार्बन घालून तीन प्रती काढल्या, कारण तीन काढतात. एक तुझ्या हातात पडली.

तू गेल्यावर आईला मी सांगितलं की उरलेल्या दोन फाडल्या. एकच फाडली होती. दुसरी फायलीत होती, कारण रिपोर्ट आठ वर्षं जपून ठेवायचा असतो. घरातल्या माणसाला तो नियम लागत नाही हे मला काल जमिनीवर बसलो असताना कळलं. घरी येऊन ती काढली आणि वाचली. त्यात तुझ्याबद्दल एक शब्द नाही. ते समोर बसले होते तेव्हा तू कुठे बसली होतीस, काय घातलं होतंस, मला काहीही आठवेना. शेवटी आईला विचारलं, की त्या दिवशी भिंगरी कशी दिसत होती? ती म्हणाली, “शाळेतून बक्षीस घेऊन यायची तेव्हा दिसायची, तशी. पायरीवरूनच सांगायला सुरुवात करायची ना, तशी.”

मी ते बघितलं नाही. माझ्या घरात, माझ्या समोर होतं आणि मी त्यांचं लंगडणं मोजत बसलो.

मला माफ कर. चार वर्षं हे दोन शब्द लिहायला बसायचो आणि पेन ठेवून द्यायचो. तो कागद फाडला, आईसमोर फाडला. माफ कर, भिंगरी.

आता गाडी. शंभरचीच घे. मी तिच्यावर शिकलो, तिच्यावरून पडलो, आणि मला एकट्यालाही ती उचलता आली असती, आईने उचलू दिली असती तर. नवशिक्यासाठी याहून मोठी परीक्षा नाही. बसल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत, नुसती बोटं नव्हे, अख्खे तळवे. तीन-चार वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली चालेल, जिचे भाग कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिळतात अशी. गाडी जुनी आणि इंजिन लहान असलं की हप्ता आपोआप खाली येतो. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्यानेच लागतो. त्याच्या जोडीला स्वतःसाठी अपघाताचा घे, तिथे काटकसर करू नकोस. शोभेचे दिवे, रुंद टायर असलं काही लावायचं नाही. पेट्रोल जास्त जातं आणि क्लेमच्या वेळी भांडण होतं. टायरमधली हवा दर आठवड्याला बघ. गिअर लवकर लवकर वर टाक, इंजिनला ओरडायला लावू नकोस, ॲव्हरेज चांगलं पडेल. हे शेवटचं मला आईने शिकवलंय.

आणि काटा मागे नुसता दोरीने बांधू नकोस. त्याचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही, पण ज्यांना सुचेल त्यांना मी वेगळं लिहितो.

तुझा बाबा


१ सप्टेंबर, मंगळवार

जावईबापू,

पाकिटावर तुमचं नाव पाहून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. मलाही लिहिताना वाटलं.

कामाचं आधी, म्हणजे मग पत्र अर्धवट फेकून दिलंत तरी काम होईल. भिंगरीच्या आईकडून ऐकतो की तुम्ही मोठमोठे आरसे, काचा बसमधून, हातगाडीवरून गावभर पोचवता आणि आजवर एक फुटलेला नाही. बाळांचं वजन करायचा काटा मोटरसायकलच्या कॅरिअरवर रोज न्यायचा आहे. धक्क्याने तो बिघडला तर बाळाचं वजन चुकीचं येईल, आणि चुकलेल्या वजनावर एखादी आई उगाच रात्रंदिवस काळजी करत बसेल. मला फुटल्यानंतर काय झालं ते सांगता येतं. फुटू नये म्हणून काय करायचं ते मला येत नाही, तुम्हाला येतं. पेटी कशी करावी?

आता दुसरं. तुमच्याबद्दल मी काय लिहिलं ते तुम्ही वाचलेलं आहे, तेव्हा त्याची उजळणी करत नाही. सासरा म्हणून ते वाईट होतंच, पण सर्व्हेअर म्हणूनही कच्चं काम होतं. गाडी समोर आली की मी ती कुठून आली, किती चालली, काय झालं हे सगळं विचारतो. तुम्हाला मी एक प्रश्न विचारला नाही. पाय कसा दुखावला हेसुद्धा नाही. तासाभरात निकाल लिहून मोकळा झालो.

मी तुमची माफी मागतो. तुम्ही ती द्यावी असा माझा हट्ट नाही, दिली नाहीत तरी समजेन. पायाचं सांगावंसं वाटलं तर मला ऐकायला आवडेल. नाही वाटलं तर पेटीबद्दल तेवढं लिहा.

आपल्या घरातला तो फोटो अजून सरळ आहे.

भिंगरीचे बाबा


९ सप्टेंबर, बुधवार

भिंगरी,

एकाच पाकिटात इतकं सगळं! आधी पेटीचं चित्र पाहिलं. लाकडी चौकट, आतून जाड लोकर, आणि काटा तळाला टेकतच नाही, चार बाजूंनी रबरी पट्ट्यांवर लोंबतो. मी मिस्त्रींना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, “साहेब, हे ज्याने काढलं त्याला माझ्याकडे पाठवा.” मी म्हणालो, “आमचे जावई आहेत, त्यांना त्यांचं काम आहे.” हे वाक्य मी गॅरेजात तीन जणांना ऐकवलं.

चित्राच्या मागे त्यांनी पायाचं लिहिलंय. एकोणिसाव्या वर्षी एका शाळेत भला मोठा आरसा लावताना शिडी सरकली, आणि आरसा सोडला असता तर पाय वाचला असता, पण खाली मुलं होती. असं चार ओळींत लिहून खाली “पेटीचा खिळा पितळीच घ्या” असं लिहिलंय. मी ते आईला वाचून दाखवायला गेलो, पण दुसऱ्या ओळीनंतर तिलाच वाचावं लागलं.

तुझी गाडी फोटोत छान दिसते. शंभरची, हिरवी, दोन्ही तळवे टेकतात असं लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. आईला पंधरा दिवस शिकवायला पाठवा असं लिहिलं आहेस. ती लगेच बॅग काढून बसली आहे. मला बोलावलं आहे का, हे चिठ्ठीत कुठे नव्हतं. मी चिठ्ठी उलटी करूनही पाहिली. माझी तक्रार नाही. माफी मागितली म्हणजे लगेच दार उघडावं असं थोडंच आहे. आणि तू लिहिलंस, “बाबा, हा इन्शुरन्सचा फॉर्म, सही करायच्या आधी तपासून द्या.” तेवढंही पुष्कळ होतं.

मग मी टेबल पुसलं, चष्मा पुसला आणि फॉर्म तपासायला बसलो.

नाव, जन्मतारीख बरोबर. गाडी कुठे ठेवली जाते: तिथे तू तुमचा तिकडचा पत्ता लिहिलास. हेही बरोबर. पुष्कळ लोक हप्ता कमी पडावा म्हणून लहान गावातल्या मामाचा पत्ता ठोकून देतात आणि क्लेमच्या वेळी तोंडावर पडतात. इंजिन नंबर: शेवटचा आकडा तू तीन लिहिलास, सोबत पाठवलेल्या नोंदणीच्या कागदावर आठ आहे. तो सुधार. नॉमिनी म्हणून जावईबापूंचं पूर्ण नाव, नातं नवरा. ते नाव मी माझ्या वहीत एकदा लिहून पाहिलं.

त्याच्या खाली एक रकाना आहे. कायमचा पत्ता, आणि कंसात बारीक अक्षरात, वरीलप्रमाणेच असल्यास रिकामा सोडावा. हा रकाना कुणी भरत नाही. मी आयुष्यात इतके फॉर्म पाहिले, दहातल्या नऊंवर तो कोराच असतो. तू चार वर्षं त्या घरात राहतेस, संसार तिथे आहे, नोकरी तिथे आहे. तू तो रिकामा सोडला असतास तर कंपनीने विचारलं नसतं आणि मलाही त्यात काही खटकलं नसतं.

तू तिथे आपल्या घराचा पत्ता लिहिला आहेस. घर नंबर, मागचा जिना, दुसरा मजला, पिनकोडसुद्धा.

मी आईला हाक मारली. ती बॅग भरता भरता हातात टॉवेल घेऊनच आली. मी रकाना बोटाने दाखवला. तिने वाचलं, टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

“का हो? चुकलंय का काही?”

“नाही.”

शनिवारच्या सकाळच्या बसची दोन तिकिटं काढली आहेत. फॉर्म बरोबर घेऊन येतो. इंजिन नंबरातला तेवढा एक आकडा सुधारायचा आहे, बाकी सगळं बरोबर आहे.

बाबा